दोन्या तेओलिंदाची अट

कास्त्रो शहरातल्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी दोन्या तेओलिंदा गिनेओला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" तिने आधी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, डोक्यावरची लोकरीची टोपी काढून पिशवीत कोंबली, आणि मग म्हणाली, "मला माझं धुरीघर हवंय. छपरासकट."

सरकारी वकील म्हणाले, प्रश्न तो नाही. आरोपीचं काय करायचं, हा प्रश्न आहे.

"मग तो तुमचा प्रश्न. मला विचारलं, म्हणून मी माझं सांगितलं."

आरोपी म्हणजे माझा मुलगा, आमारो. वय सोळा. जानेवारीत सुट्टीला आलेल्या दोन चुलतभावांना घेऊन त्याने दोन्याच्या धुरीघराचं कुलूप पहारीने तोडलं. आत टांगलेल्या सुक्या शिंपल्यांच्या तीन माळा आणि डुकराचा एक खारवलेला फरा काढला, सोबत आणलेली वाइन प्याले, थंडी वाजते म्हणून मंद धुमसत ठेवलेल्या चुलीवर कोरड्या फळ्या रचल्या, आणि घरी येऊन झोपले. सकाळी तिथे चार काळे खुंट उरले होते. चुलतभाऊ चौदाच्या आतले, कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सगळं आमारोवर आलं.

सरकारी वकिलांना दीड वर्ष हवं होतं, मुख्य भूमीवरच्या बंद केंद्रात. आमची वकील तरुण पोरगी होती. तिने कायद्यातली दुसरी वाट काढली: केलेलं नुकसान त्याने स्वतःच्या हातांनी भरून द्यायचं. मात्र ज्याचं नुकसान झालं त्याने हो म्हटलं तरच. म्हणजे माझ्या मुलाचं पुढचं दीड वर्ष एका बाईच्या होकारावर येऊन थांबलं, आणि ही बाई होकार देताना कोणाचंही तोंड बघत नाही हे आमच्या बेटावर सगळ्यांना माहीत आहे.

"हो म्हणते," ती म्हणाली. "पण माझी अट आहे. धुरीघर मिंगेने उभं राहील, आणि मिंगेची विनवणी हा पोरगा करेल."

न्यायाधीशबाई राजधानीच्या. त्यांनी विचारलं, "विनवणी म्हणजे नेमकं काय?"

"दारोदार जायचं. एकट्याने. दारात उभं राहून सांगायचं, मला मदत हवी आहे आणि ती का हवी आहे. घरचा माणूस ऐकतो, आत घेतो, सफरचंदाच्या दारूचा पेला भरतो आणि मग हो म्हणतो. ज्याने हो म्हटलं त्याच्या घरी नंतर एक दिवस राबायचं. यालाच मिंगा म्हणतात, आमच्याकडे घरं अशी उभी राहतात. पैसे टाकून नाही."

"आणि कोणी नाही म्हणालं तर?"

"आजवर कोणी म्हणालेलं नाही," दोन्या म्हणाली. "पण आजवर कोणी असलं काम घेऊन गेलेलंही नाही."

बाईंनी तीस एप्रिलची मुदत दिली. त्या दिवशी धुरीघर उभं नसेल, तर बंद केंद्र. पुन्हा युक्तिवाद नाही.

परतीच्या बोटीत एव्हारिस्तो रेमोल्कोय आमच्या समोरच बसला होता. आग पहिल्यांदा त्यानेच पाहिली, म्हणून साक्षीला आला होता. गेल्या वर्षी त्याच्या होडीची मोटर चोरीला गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. तो माझ्याकडे न बघता दोन्याला म्हणाला, "लाड आहेत हे. उद्या माझं गोठाघर जाळतील आणि म्हणतील, काका, हातोडी द्या."

"तुझं गोठाघर जळण्याच्या लायकीचं कधीपासूनच आहे," दोन्या म्हणाली. "आणि लाड कोणाचे ते एप्रिलमध्ये बघू."

दोन्या तेओलिंदा एकाहत्तर वर्षांची आहे. माझ्या खांद्याला लागते. तिसरीत शाळा सुटली, पण सही अशी ठोकते की कागद कमी पडतो. ओहोटीला टोपली घेऊन खडकांवर जाते, मोठ्या काळ्या शिंपल्या खरवडून आणते, उकडते, सोलते, वेताच्या दोरीत ओवते आणि ओल्या लाकडाच्या धुरावर दिवसेंदिवस टांगते. ज्वाळा उठू द्यायची नाही, विझूही द्यायचं नाही. तिच्या माळा कास्त्रोच्या बाजारात लोक दुरून ओळखतात. एकदा एका शहरी बाईने भाव पाडून मागितला, तर हिने माळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, बघा, मला कशी शोभते, राहू दे मलाच.

तिचा नवरा लग्नानंतर चार वर्षांनी मेंढ्यांची लोकर कापायला अर्जेंटिनात गेला आणि नऊ वर्षांनी उगवला. लोक म्हणाले, हाकलून दे. इतर लोक म्हणाले, झालं गेलं विसर. तिने यातलं काहीच केलं नाही. त्याला जेवायला वाढलं आणि एक वर्ष होडीच्या शेडमध्ये झोपवलं. वर्षभर तो लाकडं फोडायचा, पाणी भरायचा, रात्री ताट घेऊन शेडमध्ये जायचा. मग एका रविवारी तिने त्याची उशी आत आणली. पुढे तो मरेपर्यंत बेट सोडून गेला नाही.

आणि भाऊ. आदेमार त्याचं नाव. त्याच्याबद्दल ती फार बोलत नाही, पण कोर्टानंतर मी विचारलं तेव्हा बोलली. चौदाव्या वर्षी त्याने दोन मेंढ्या चोरल्या, म्हणून त्याला मुख्य भूमीवरच्या सुधारगृहात पाठवलं. एकोणिसाव्या वर्षी तो परत आला.

"ताटाभोवती हात घालून जेवायचा," ती म्हणाली. "आमच्या घरात कोण त्याचं ताट ओढणार होतं? आई समोर बसायची, हा मान वर करायचा नाही. तीन महिन्यांनी गेला तो गेलाच. मेंढ्यांचा मालक तोवर वारला होता. त्याला मेंढ्या मिळाल्या नाहीत, आम्हाला आदेमार मिळाला नाही. मग ती शिक्षा नेमकी कोणाच्या पदरात पडली, एवढं मला कोणीतरी शिकलेल्या माणसाने सांगावं. तू शिकलेली आहेस ना?"

मी बेटावरच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवते.

तरीही तिने आमारोला माफ केलं असं कोणी समजू नये. माफी वगैरे तिच्या दुकानात मिळत नाही. तो राख उचलायला गेला, त्या दिवशी तिने त्याच्या हातात फावडं दिलं आणि चार दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी उकडलेले बटाटे पुढे ठेवायची आणि पाठ फिरवून रेडिओ लावायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "आता जा विनवायला."

इथे मी घोळ घातला.

तो राख उपसत होता तेव्हा मी घरोघर जाऊन आले होते. अकरा घरं. प्रत्येक घरी सफरचंदाच्या मुरांब्याची एक बरणी. बंद केंद्रांबद्दल जे जे छापून आलंय ते मी वाचलं होतं, आणि वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी सगळीकडे हेच सांगितलं: अपघात झाला हो, पोरगा घाबरलाय, आला की फक्त हो म्हणा. सगळे म्हणाले, बाई, तुम्ही कशाला काळजी करता. त्यांची अर्धी मुलं माझ्या वर्गातली. एव्हारिस्तोचं घर मी मुद्दाम गाळलं. त्याच्या दारात जायची माझी हिंमत नव्हती.

शनिवारी आमारो सकाळी निघाला आणि दुपारी दोनला दोन्यासमोर हजर. अकरा होकार.

"अकरा घरं, दोन वाजेपर्यंत?" दोन्या म्हणाली. "मला माझ्या घराच्या मिंगेला चार घरांत दोन दिवस लागले होते. पेला कुठे कुठे प्यालास?"

"कुठेच नाही."

"बसवलं कोणी?"

"नाही. दारातच हो म्हणाले."

"दारातल्या दारात आपल्याकडे फक्त पाववाल्याला हो म्हणतात. काय सांगितलंस त्यांना?"

"काही सांगायला लागलंच नाही. आई येऊन गेलीय म्हणाले."

ती चिखलाच्या बुटांसकट माझ्या स्वयंपाकघरात आली. मी वह्या तपासत होते.

"बाई, मिंगा तुझी आहे का?"

मी म्हटलं, "मी फक्त थोडं आधी जाऊन..."

"विनवलंस तू. म्हणजे राबायचं तू. ये सोमवारी, खांब रोवायला. तुझ्या या बोटांनी." तिने माझी लाल शाई लागलेली बोटं उचलून बघितली आणि टेबलावर परत ठेवली. "आणि अपघात कोण म्हणालं? विनवणारा आपली गरज काय आहे ते खरं सांगतो, म्हणून तर ऐकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तू खोटं सांगून खरा होकार आणलास. ही असली मिंगा माझ्या अंगणात नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी विचारलं, आता काय करायचं?

"आता तो परत जाईल. अकराही घरी. आणि त्यांचा होकार त्यांना परत देऊन येईल. मग पहिल्यापासून."

होकार परत करायला माणूस गेलाय, असं बेटावर कोणी ऐकलं नव्हतं. मला तर वाटलं, संपलं सगळं. लोक नाराज होतील, मुदत निघून जाईल. तसं झालं नाही. पहिल्याच घरी, माचादोंकडे, तो म्हणाला, "तुम्ही हो म्हणालात ते आईने खोटं सांगितलं म्हणून. तो अपघात नव्हता. तुमचा शब्द परत घ्या, मग मी मागतो." माचादोच्या म्हाताऱ्या आईने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, बस, आणि पेला शोधायला आत गेली. त्या घरी तो दोन तास होता. अकरा घरांना त्याला नऊ दिवस लागले, आणि त्यातल्या एकाही दिवशी तो घरी येऊन माझ्याशी नीट बोलला नाही.

राहिला एव्हारिस्तो. आमच्या बाजूला नांगराला आणि ओढीला शिकवलेली एकच बैलजोडी आहे, त्याची. डोंगरावर तोडलेले खांब बैलांशिवाय खाली येत नाहीत.

पहिल्यांदा आमारो गेला तेव्हा एव्हारिस्तोने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला. दुसऱ्यांदा दार उघडलं, "कामात आहे" म्हणाला आणि लावलं. एप्रिलचे आठ दिवस गेले होते. पाऊस सुरू झाला की डोंगराची वाट बैलांनाही चढत नाही. त्या संध्याकाळी आमारो दोन्याकडे गेला आणि म्हणाला, "मला नाही जमत. मी केंद्रात जातो. ते सोपं आहे."

"माहीत आहे सोपं आहे," दोन्या म्हणाली. ती माळेसाठी दोरी वळत होती, वळत राहिली. "तिथे तुला उठवतील, जेवायला घालतील, झोपवतील. तू काय केलंस हे तिथे कोणी विचारत नाही, सगळ्यांनी काहीतरी केलेलंच असतं. जा. मग मी धुरीघर कोणाकडून घेऊ? तुझ्या आईच्या मुरांब्याकडून?"

तिसऱ्यांदा तो गेला. तिथे काय झालं ते एव्हारिस्तोनेच मला पुढे सांगितलं. तो स्वतःला जरा जास्त हुशार करून सांगतो, पण एवढं खरं धरायला हरकत नाही.

"दार वाजवलंस?" एव्हारिस्तो म्हणाला. "तुला दार वाजवायला कधीपासून लागतं?"

"काका, मला तुमचे बैल हवेत."

"मलाही हवेत. म्हणून मी पाळलेत. तुला कशाला?"

"धुरीघराचे खांब खाली आणायला."

"का, धुरीघराला काय झालं?"

साक्ष देऊन आलेला माणूस हे विचारत होता. आमारो म्हणाला, "मी जाळलं."

"कसं?"

आमारोने सांगितलं. पहार कुठून घेतली, कुलूप कितव्या घावाला तुटलं, कोणी काय खाल्लं. फळ्या पेटल्यावर ठिणग्या उडाल्या तेव्हा आपण हसलो हेही सांगितलं. मग थांबला. एव्हारिस्तो म्हणाला, "झालं?"

"नाही. घरी जाताना मी वळून बघितलं. छपरातून ज्वाळा निघत होत्या. तुमचं घर वीस पावलांवर होतं, काका. मी तुमचं दार वाजवलं नाही."

हे पोलिसांच्या कागदांत नव्हतं. कोर्टात नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. आम्ही सगळे असंच धरून चाललो होतो की पोरं झोपल्यावर मागे आग भडकली.

एव्हारिस्तोने उंबऱ्यातून बाहेरच्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाला, "वाजवलं असतंस तर माझ्याकडे चार बादल्या होत्या."

"हो."

"शिव्या घातल्या असत्या, पण बादल्या घेऊन धावलो असतो."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तरी गेलास."

"हो."

"चिखल बाहेर झटक आणि आत ये," एव्हारिस्तो म्हणाला. पेला भरून त्याने पुढे सरकवला. "माझी मोटर नेणारा असा येऊन बोलला असता, तर आधी कानाखाली दिली असती आणि मग हा पेला. तुला नुसता पेला देतो, कारण तुझ्या आईने माझ्या धाकट्याला पाढे शिकवलेत. बैल गुरुवारी. आणि माझ्याकडे एक दिवस नाही, तीन दिवस यायचं. बटाटे काढायचे आहेत."

गुरुवारी आणि शुक्रवारी मिंगा झाली. एकोणीस माणसं आली. आमारोचे वडील समुद्रातल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला असतात, चौदा दिवस तिकडे आणि सात दिवस घरी. त्यांनी पाळी बदलून घेतली. विनवणाऱ्याच्या घराने जेवू घालायचं असतं, म्हणून आम्ही डुक्कर कापलं आणि मी दोन दिवस किसलेल्या बटाट्यांच्या भाकऱ्या थापल्या. बैलांनी खांब आणले. पोरं छपरावर चढली. दोन्या उलट्या बादलीवर बसून प्रत्येकाचं चुकतंय कसं ते सांगत होती.

"तो वासा वाकडा आहे."

"दोन्या, झाडच वाकडं होतं."

"मग झाडाला सांगायचं होतं. उतर आणि फिरवून लाव."

एव्हारिस्तोने आमारोला खिळा कसा तिरका ठोकायचा ते दाखवलं, आणि दुसऱ्यांदा चुकल्यावर जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आत चूल पेटवून बघितली. धूर दाराकडून निघत होता. दोन्याने दार काढायला लावलं, दोन बोटं वर सरकवून पुन्हा बसवायला लावलं. तेव्हा कुठे धूर छपरापाशी थांबला.

तीस एप्रिलला कोर्टात फोटो दाखवले. न्यायाधीशबाईंनी एकोणीस जणांच्या सह्या वाचल्या. सरकारी वकिलांनी विचारलं, आणि विचारणं त्यांचं कामच होतं, "हा पुन्हा असं करणार नाही याची खात्री काय?"

"खात्री कुठली?" दोन्या म्हणाली. "तुम्ही दीड वर्ष ठेवून सोडता त्यांची देता का? मी एवढंच सांगते, आता याने काही केलं तर एकोणीस जणांना कळेल की त्यांचे दोन दिवस वाया गेले. माझ्यापेक्षा ते वाईट आहेत. तो एव्हारिस्तो तर फारच."

वकील हसले नाहीत, पण हरकत नाही म्हणाले. बाईंनी आदेश पूर्ण झाल्याची नोंद केली आणि आमारोला उभं करून विचारलं, काही बोलायचंय का. तो म्हणाला, "अजून चौदा दिवस राहिलेत." बाईंना वाटलं हा मुदत चुकीची समजला. आमच्या वकिलीणबाईने समजावून सांगितलं की ते दिवस कोर्टाचे नाहीत, होकार दिलेल्या घरी राबायचे आहेत: अकरा घरांचे अकरा आणि एव्हारिस्तोचे तीन.

शिक्षा नको असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. एव्हारिस्तो अजून म्हणतो की मुलांना धाक हवा, आणि त्याचं अर्धं बरोबर आहे. पण माझ्या मुलाला धाक कोणाचा वाटला ते मी बघितलंय. न्यायाधीशबाईंसमोर त्याने मान खाली घातली ती शाळेत घालतो तशी. एव्हारिस्तोच्या बंद दारावरून परत आला त्या रात्री तो जेवला नाही. भिंतीआड त्याला ते दार कधीच लागलं नसतं. ते शेवटचं, घराजवळून गेलो आणि दार वाजवलं नाही, हे तो तिथून तसंच घेऊन बाहेर आला असता, आणि एव्हारिस्तोच्या शेजारी तसाच राहिला असता. माझी काळजी गेली का? नाही, ती जाणार नाही. पण आता तो कुठे आहे हे मला विचारावं लागत नाही. कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी कुंपणावर असतो, आणि ज्याच्याकडे असतो ते लोक मला वाटेत थांबवून त्याच्या कामातल्या चुका सांगतात.

परतीच्या बोटीत आमारो बाकावर आडवा झाला आणि मोटर सुरू व्हायच्या आत झोपला. दोन्याने बाजारातून घेतलेल्या मिठाची पिशवी पायांत धरली होती. आमचा धक्का दिसायला लागला तशी तिने मला कोपराने ढोसलं.

"उठव त्याला. हे मीठ उचलायचंय. आणि आज लवकर निजव, उद्या माचादोंकडे मेंढ्या धुवायच्या आहेत, ते पाचला सुरू करतात."

मी उठवणार होते, तेवढ्यात तो स्वतःच उठून बसला, डोळे चोळले, आणि तिच्या पायांतली पिशवी खांद्यावर घेतली.

"नीट धर," दोन्या म्हणाली. "ओली झाली तर मीठ तुझ्याकडून घेईन."